इंग्रजीच्या तासाला लेकरू हसलं!

तुम्हाला म्हणून सांगतो, पुढं कुठं बोलू नका. आमच्या लासूर स्टेशनात, भरदिवसा, इंग्रजीच्या तासाला एक लेकरू हसलं.

कुणी गुदगुल्या केल्या नव्हत्या. सरांची खुर्ची मोडली नव्हती. खिडकीतून माकड आत आलं नव्हतं. फळ्यावर ‘पास्ट टेन्स’ असं ढळढळीत लिहिलेलं होतं आणि ते वाचून, समजून, तिसरीतलं लेकरू खदाखदा हसलं. एकटंच हसलं असतं तर दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या असत्या. पण सगळा वर्ग हसला. सरसुद्धा हसले म्हणतात. पगार घेऊन!

बातमी मला सलूनमध्ये कळली. आमच्याकडं पेपर सकाळी येतो, पण त्यातलं खरं किती धरायचं ते सलूनमध्ये ठरतं. वस्तरा हवेत धरून कारागीर म्हणाला, ‘‘भाऊ, शाळेत व्हर्ब उड्या मारू राह्यलं.’’ माझ्या अर्ध्या गालाला साबण. मी म्हटलं, ‘‘अरे, व्हर्ब म्हणजे क्रियापद. ते कसं उड्या मारील?’’ मराठीत क्रियापदानं कसं वागावं याची रीत ठरलेली आहे. कर्ता येऊन बसतो, कर्म येतं, कधी, कुठं, कशाला ही सगळी पाहुणेमंडळी येतात, आणि सगळ्यांचं उरकलं की जुन्या घरातल्या सुनेसारखं क्रियापद शेवटच्या पाटावर बसतं. इंग्रजीत म्हणे ते कर्त्याला चिकटून दुसऱ्याच पाटावर! ‘‘त्यांच्यातली रीतच वेगळी,’’ नंबर लावून बसलेले मोंढ्यातले एक आडते म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरून हसले. तेही हसले. साथ शाळेबाहेर आली होती.

खातरजमा करावी म्हणून मी शाळेच्या कुंपणाशी गेलो. नात त्याच शाळेत आहे. तिचा डबा राहिला होता, हे निमित्त. (डबा माझ्याच पिशवीत राहिला होता, पण ते असू द्या.) लिंबाखाली वर्ग भरलेला. पोरं ओळीत उभी. एकाच्या गळ्यात ‘ही’ची पाटी, दुसऱ्याच्या गळ्यात ‘वेंट’, तिसऱ्याच्या गळ्यात ‘होम’. वेंटच्या पाठीवर गच्च भरलेलं दप्तर, आणि त्यात म्हणे भूतकाळ. तेवढ्यात ‘डिड’ नावाची एक पोरगी डोक्याला रुमाल गुंडाळून धावत आली. तिनं वेंटच्या पाठीवरचं ओझं उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि ओळीत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. ओझं उतरल्याबरोबर वेंटनं सुटकेचा श्वास टाकून पाटी उलटी केली. मागं लिहिलेलं, ‘गो’. डिड ही गो होम? शेवटी प्रश्नचिन्ह म्हणून एक बारकं पोर कमरेत वाकून उभं, आणि पायाशी टिंब म्हणून त्याची टोपी.

आता सांगा, असं असतं होय व्याकरण? ‘डिड आल्यास क्रियापदाचे मूळ रूप योजावे’ हा नियम मला झोपेत पाठ आहे. आणि तो पाठ असूनही गेली चाळीस वर्षं मी समोरच्याला ‘डिड यू वेंट?’ असंच विचारत आलो. एका पोत्याला दोन हमाल! मोंढ्यात असं कुणी केलं तर मापाडीसुद्धा म्हणेल, बाबा, पोतं एक, हमाली एक, दुसऱ्यानं घरी जावं. एवढी साधी गोष्ट मला पंचावन्नाव्या वर्षी, कुंपणाबाहेर, हातात गार झालेला डबा धरून कळावी? अपमानाची काही हद्द?

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा राहिला.

त्या दिवशी पासाचा खेळ चालू होता. पुठ्ठ्यावर मोठ्ठा ‘एस’ काढलेला, तो पास. ‘बॉय’ आणि ‘रन’ या दोघांत मिळून पास एकच. टीसी झालेली मुलगी दरडावून विचारायची, ‘‘पास कुणाकडं?’’ बॉय एकटा असला की पास रनच्या हातात: द बॉय रन्स. बॉयनं तो आपल्याकडं ओढला की त्याचे झाले बॉइज, आणि रन विनापास: द बॉइज रन. दोघांनी एकदम धरला की दंड, म्हणजे वर्गाला एक फेरी. मग ‘चिल्ड्रन’ आलं. त्याच्याजवळ पास नाही आणि तरी ते अनेकवचनी. टीसी गोंधळली. सर म्हणाले, ‘‘त्याला रेल्वेतला माणूस समज. त्याला फ्री.’’ रोज अप-डाऊन करणाऱ्यांच्या या गावात लेकरांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एकाच पासावर दोघं, ही कल्पना तर त्यांनी घरातच ऐकलेली असणार.

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, हे मी अभिमानानं सांगतो. आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटलं. तोवर ते फक्त औषधाच्या बाटलीवर आणि रेल्वेच्या डब्यावर असायचं. पाचवीत एक सर आले, टेबलावर छडी ठेवली आणि म्हणाले, ‘गो’. अख्खा वर्ग म्हणाला, ‘वेंट, गॉन.’ गो म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. निम्म्यांना ते सरांचं नाव वाटलं. वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. सुट्टीत ती निघायची. पुढं कुणा मोठ्याघरच्या मुलाकडं रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण बघायला मिळालं. त्यातल्या पी. सी. रेनची गंमत मला फार उशिरा कळली. हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता, आणि त्याचं खरं नाव झालं ते ‘ब्यू जेस्ट’ या १९२४ च्या कादंबरीमुळं. वाळवंट, फ्रेंच फॉरेन लीजन, चोरीला गेलेलं नीलरत्न, किल्ल्यात मेलेल्या शिपायांचा पहारा! एवढा मसाला ज्या माणसाच्या डोक्यात होता त्यानं आमच्या व्याकरणात चिमूटभरही टाकला नाही. सगळा कादंबरीत घातला आणि आम्हाला जेरंड दिलं.

मग आलं रॅपिडेक्स. त्याच्या जाहिरातीत कपिलदेव. आमच्या गावातल्या कितीतरी पोरांनी ते पुस्तक इंग्रजी यावं म्हणून घेतलं की गोलंदाजी यावी म्हणून, हे अजून ठरायचंय. दोन्ही आलं नाही.

आणि त्याच्या मागं जायचं तर माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, उर्दूत. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं. मग खालच्या शाळांचं काय विचारता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. म्हणजे बघा, आजोबांना साहेबाची भाषा म्हणून उर्दूची भीती, वडिलांना मराठी कागदपत्रांतल्या नव्या सरकारी शब्दांची भीती, मला इंग्रजीची. प्रत्येक पिढीला घाबरायला एकेक भाषा मिळाली होती. घरचा वारसाच म्हणा ना. आणि आता ही नात उठते आणि म्हणते, भीती कसली? तिच्या वाट्याला काही ठेवलंच नाही या लोकांनी.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. कट आहे, आणि मी तो शोधून काढला आहे.

पहिलं नाव, रामकृष्ण मोरे. जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी, हा निर्णय शालेय शिक्षणमंत्री म्हणून त्यांचा. तेव्हा केवढा गहजब झाला! मराठी बुडणार, लेकरांची धड ना इकडं ना तिकडं अशी गत होणार, वगैरे. पण खरा पेच कुणी बोललंच नाही. पाचवीतल्या पोराला छडी दाखवून ‘वेंट, गॉन’ म्हणवून घेता येतं. पहिलीतलं पोर छडी बघून ‘आईकडं जायचं’ म्हणतं. सहा वर्षांच्या जिवाला व्याख्या सांगता येत नाही; त्याला गाणं लागतं, चित्र लागतं, उड्या लागतात. म्हणजे मंत्र्यांनी इंग्रजी पाचवीतून पहिलीत आणलं आणि मागच्या दारानं हसणं आत आलं.

दुसरा पुरावा अंगणातलाच. राज्यभरच्या मास्तरांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवणारी ‘स्टेट इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश’ बरीच वर्षं कुठं होती? मुंबईत साहेबाच्या इमारतीत? छे. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. पुढं सरकारनं ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांना सोबत घेऊन ‘तेजस’ नावाचा प्रकल्प काढला. प्राथमिकच्या शिक्षकांनी गटागटानं जमायचं, एकमेकांना वर्गातल्या युक्त्या सांगायच्या, खेळून बघायच्या. त्या गटाला ‘टॅग’ म्हणतात. माध्यमिकच्या शिक्षकांसाठी आणखी एक निघाला, त्याचं नाव ‘चेस’. आता मला सांगा, ज्या खात्यात आजवर प्रशिक्षण म्हणजे चहा, बिस्कीट आणि सहीचा कागद असायचा, तिथं मास्तरमंडळी बुद्धिबळाच्या नावाखाली एकत्र येऊन इंग्रजीत गप्पा मारू लागली तर त्याला कट नाही म्हणायचं तर काय?

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेनं तर कळस केला. २०१९ मध्ये तिथल्या पोरांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची तुम्हाला? पोरांनी सांगितलं, जपानी. का, तर रोबोट करायचेत. आणि शिकवली हो त्यांना जपानी! खेड्यातली लेकरं, जपानी शब्द, वर पेपरात फोटो. आम्ही इंग्रजीला घाबरण्यात हयात घालवली आणि ही पोरं इंग्रजीला वळसा घालून पुढं गेली. २०२० मध्ये सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही कशासाठी, तर पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवून त्यातून गाणी, गोष्टी, चित्रफिती बाहेर काढल्या म्हणून. पुस्तकातून गाणं बाहेर पडतं आणि त्याला बक्षीस मिळतं! आमच्या पुस्तकातून फार तर झुरळ निघायचं.

परकीय हात आहेच. तो तर मी मोबाइलवर रात्री दोन वाजता शोधला. लंडनमध्ये १८२० च्या दशकात मुलांसाठी एक रंगीत पुस्तक निघालं होतं, त्यात शब्दांच्या सगळ्या जाती मिळून सहलीला जातात. दोनशे वर्षांपूर्वी! म्हणजे जेव्हा इकडं दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण निघायचं होतं (ते १८३६ चं), तेव्हा तिकडं नाम आणि सर्वनाम चादर अंथरून जेवत होते. पुढं अमेरिकेत एका जाहिरात कंपनीतल्या बापाच्या लक्षात आलं की आपल्या पोराला पाढे येत नाहीत, पण रॉक गाण्यांचे शब्द न् शब्द येतात. त्यातून १९७३ साली टीव्हीवर ‘स्कूलहाउस रॉक’ सुरू झालं. शनिवारी सकाळी, कार्टूनच्या मधल्या वेळात. आणि त्यातलं एक गाजलेलं गाणं कुठलं? ‘कंजंक्शन जंक्शन’. रेल्वेच्या यार्डात एक कामगार ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ यांचे आकडे लावून शब्दांचे डबे एकमेकांना जोडतो. हे बघितल्यावर मला राहवेना. अहो, रेल्वे आमची, फलाट आमचा, डबे जोडताना बघत आम्ही मोठे झालो. आणि कल्पना नेली अमेरिकेनं! हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा रूळ १९०० च्या सुमाराचा. त्र्याहत्तर वर्षं आम्ही काय केलं? शेंगा खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये हे मी तावातावानं सांगितलं. तर तेच आडते शांतपणे म्हणाले, ‘‘अमेरिका राहू द्या. पैठण किती लांब आहे इथून?’’

मी गप्प. कारण खरंच. एकनाथ महाराज याच जिल्ह्यातल्या पैठणचे, सोळाव्या शतकातले. विंचू, जोगवा, गोंधळ, जोशी, अशी सोंगं घेऊन वेदान्त सांगायचा उद्योग त्यांनी केला. काम-क्रोधाची व्याख्या द्यायची सोडून थेट विंचू चाववला. तेव्हाच्या पंडितांच्या कपाळावर किती आठ्या चढल्या असतील, कल्पना करा. हसत-खेळत शिकवण्याचा दोष आमच्या जिल्ह्याच्या रक्तातच आहे म्हणायचा. आणि आम्ही तरी मराठीच्या विभक्त्या कशा पाठ केल्या? ‘स ला ते, स ला ना ते’ असं ठेक्यात, मांडीवर थापा मारत. ते गाणंच होतं. फक्त त्याला गाणं म्हणायची परवानगी नव्हती.

आता साथ गावभर आहे. कुठं बसायची सोय राहिली नाही. परवा फलाटावर पॅसेंजरची वाट बघत होतो. एक पोरगं आपल्या बापाला विचारतंय, ‘‘पप्पा, तुमचा पास अ की ॲन?’’ बाप म्हणाला, ‘‘अ पास.’’ पोरगं म्हणालं, ‘‘पण त्याला एमएसटी म्हणतात. मग?’’ बाप बघतच राहिला. पोरगं टाळी वाजवून, ‘‘ॲन एमएसटी!’’ कारण बघायचं अक्षर नाही, ऐकायचा आवाज. ‘एम’ म्हणताना तोंड ‘ए’नं उघडतं, म्हणून ॲन. तसंच ॲन एसटी, पण अ बस. ॲन एमएलए, पण अ मिनिस्टर. (म्हणजे मंत्रिपद मिळालं की एक अक्षर कमी होतं. माणसं उगाच धडपडतात.) ॲन अवर, कारण तिथला ‘एच’ मुका. अ वन-वे तिकीट, कारण ‘वन’ लिहायला ‘ओ’नं आणि बोलायला ‘व’नं सुरू होतो. एवढं झाल्यावर फलाटावरची चार मोठी माणसं एकमेकांकडं न बघता ओठ हलवायला लागली. कांद्याच्या लिलावाला आलेले एक शेतकरी काका हळूच म्हणाले, ‘‘मग कांद्याला काय म्हणायचं रं बाळा?’’ ‘‘ॲन ऑनियन, आजोबा.’’ काका समाधानानं म्हणाले, ‘‘भाव नाही तर नाही, ॲन तरी मिळाला.’’

मग वाद पेटला ‘ऑन द ट्रेन’वर. गाडीत बसलेल्या माणसाला इंग्रज ‘ऑन द ट्रेन’ म्हणतो, यावर एका अप-डाऊनवाल्यानं सरळ हरकत घेतली. ऑन म्हणजे वर. गाडीच्या वर म्हणजे टपावर. टपावर बसणं गुन्हा आहे. पोरानं शाळेतली खूण सांगितली: ज्या वाहनात उभं राहून चार पावलं टाकता येतात त्याला बहुधा ऑन, जिथं वाकून शिरावं लागतं आणि शिरल्यावर गप बसावं लागतं त्याला इन. म्हणून ऑन द ट्रेन, ऑन द बस, पण इन द कार, इन द रिक्षा. ‘‘आणि काळीपिवळी?’’ ‘‘इन.’’ ‘‘दाराला लटकलेल्याला काय म्हणायचं मग?’’ यावर पोरगं प्रथमच विचारात पडलं. ‘‘आणि सोमवारी सकाळी जनरलच्या डब्यात उभं राहता येतं, पण पाऊल टाकता येत नाही, त्याचं काय?’’ गाडी आली म्हणून हा प्रश्न तसाच राहिला. ब्रिटिश कौन्सिलनं यात लक्ष घालावं.

खरं सांगू का, यातल्या कितीतरी गोष्टी मला आवडायला लागल्या आहेत, आणि म्हणूनच मी चिडलो आहे. एक उदाहरण सांगतो, पण पुन्हा, पुढं बोलू नका. सरांनी इंजिन कुठं आणि गार्डाचा डबा कुठं, हा खेळ घेतला. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’; म्हणजे ‘ऑन’ हे इंजिन, पुढं लागतं. मराठीत ‘टेबलावर’, ‘वर’ हा गार्डाचा डबा, मागं लागतो. आणि लागण्याआधी टेबलाला जरा लांबावं लागतं: टेबल, टेबला, मग वर. आकडा अडकवायला जागा करावी लागते ना, तशी. हे बघून मला एकदम कळलं की मी लहानपणी ‘टेबल ऑन’ असं का म्हणायचो आणि त्याबद्दल छड्या का खाल्ल्या. मी मूर्ख नव्हतो हो! मी इंजिन मागं लावत होतो. मराठी गाडी अशीच जाते. हे मला तेव्हा कुणी एका ओळीत सांगितलं असतं तर हातावरचे वळ वाचले असते. नाव घेत नाही. ते सर आता नाहीत, आणि वळही गेले.

पण म्हणून सगळंच गोड म्हणून गिळणारा मी नव्हे. या साथीत भुरटे डॉक्टरही निघाले आहेत. उन्हाळा आला की विजेच्या खांबावर कागद लागतात: आठ दिवसांत ग्रामर, खेळता खेळता, फी अमुक, कार्ड आणि टोपी मोफत. तिथं गेलेलं एक लेकरू मी जवळून बघितलं आहे. शब्दांच्या आठही जाती ते टाळ्यांवर म्हणतं, मध्ये गिरकी घेतं, शेवटी हात वर करून ‘येऽऽ’ करतं. पाहुण्यांसमोर रोज एक प्रयोग. त्याला तहान लागली तेव्हा मी म्हटलं, ‘‘इंग्रजीत माग बघू पाणी.’’ ते म्हणालं, ‘‘वॉटर!’’ आणि गिरकी घेतली. चाल गाडीत बसली, अर्थ फलाटावर राहिला. आमच्या ‘वेंट, गॉन’मध्ये आणि या ‘येऽऽ’मध्ये मला काडीचा फरक दिसला नाही, छडीच्या जागी फक्त टोपी आली. लिंबाखालच्या त्या पोरीनं दप्तर एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर घेतलं तेव्हा वाक्य बदललं होतं. इथं गिरकीनं काहीच बदललं नाही, फी तेवढी इकडची तिकडं गेली. पण हे त्या आईला कोण सांगणार? तिनं व्हिडिओ स्टेटसला ठेवलाय.

घरोघरची व्याकरणाची दहशत तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या वहिनी सांगत होत्या, घरात कप फुटला. ‘‘कुणी फोडला?’’ म्हणून विचारलं, तर चिरंजीव उत्तरले, ‘‘द कप वॉज ब्रोकन.’’ कर्ता गायब! वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हे लेकरू कलेक्टर ऑफिसात लागणार.’’ कारण तिथं वर्षानुवर्षं हीच भाषा आहे, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’. कोण करतंय ते देवाला ठाऊक. आणि मी स्वतः? मोबाइलवर बायकोला ‘आलोच’ म्हणालो, तर नात शेजारून म्हणते, ‘‘आजोबा, आलो हा पास्ट. तुम्ही तर अजून इथंच आहात.’’ आता हिला कसं सांगू, बाई गं, जो निघालेलाच नाही त्यानं ‘आलोच’ म्हणायचं, ही मराठीची खास सोय आहे. संसार टिकतात त्यावर. इंग्रजांजवळ असा भूतकाळ असता तर त्यांच्या इतक्या बायका रुसल्या नसत्या.

नातीनं मला ‘द’सुद्धा शिकवला. तो मला आयुष्यात कधी कळला नव्हता. आपल्या भाषेत त्याची गरज पडली नाही, म्हणून इंग्रजी लिहिताना मी तो मीठ टाकल्यासारखा अंदाजानं टाकायचो. ती म्हणाली, ‘‘सोप्पंय. कुठलं ते तुम्हालाही माहितीय आणि मलाही माहितीय, तर द.’’ भारतात स्टेशनं हजारो. त्यातलं कुठलं तरी एक असेल तर अ स्टेशन. पण आमच्या घरात ‘स्टेशनावर जाऊन येतो’ म्हटलं की कुठलं हे कुणी विचारत नाही. द स्टेशन.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आमच्या गावाच्या नावातच एक इंग्रजी नाम बसलेलं आहे. लासूर वेगळं, दाक्षायणी देवीचं, शिवना नदीकाठचं जुनं गाव ते. आमचं लासूर स्टेशन रुळापाशी वसलं आणि साहेबाचा शब्द नावात घेऊन बसलं. आणि त्या शब्दाला आम्ही काय भीत होतो का? आमच्या आज्या त्याला ठेसन म्हणायच्या. ठेसनाला गेले, ठेसनातून आले, ठेसनाचं पाणी खारं. साहेबाच्या नामाला आपलं सामान्यरूप दिलं, सगळ्या विभक्त्या लावल्या, लिंग नपुंसक ठरवलं, आणि एकाही मास्तराला विचारलं नाही. प्लॅटफॉर्मचा फलाट केला. लाइट बाई झाली, ती जाते आणि येते. डीपीही बाईच, ती जळते. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी इंग्रजीशी एवढा दांडगा खेळ केला. आणि आम्ही शाळेत गेलो, तिथं घाबरायला शिकलो. पण हे सलूनमध्ये बोलायची सोय नाही. तिथं मी अजून विरोधी पक्षात आहे.

काल संध्याकाळी नातीनं वही पुढं केली. गृहपाठ होता: घरातल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत एक वाक्य लिहा, काळ ओळखा. तिनं लिहिलं होतं, ‘माय आजोबा फर्गेट्स द डबा एव्हरी डे’.

मी चष्मा पुसला. चूक काढायचीच, या तयारीनं वाचलं. आजोबा एक, म्हणून पास क्रियापदाकडं, बरोबर. कुठला डबा ते दोघांनाही माहीत, म्हणून ‘द’, बरोबर. ‘फर्गॉट’ लिहिलं असतं तर एकदा झालं, माणूस आहे, चुकतो, असं म्हणता आलं असतं. तिनं साधा वर्तमानकाळ लिहिला होता, आणि कंसात मराठीत, ‘रीती वर्तमानकाळ’.

खाली पालकांच्या सहीची रेघ. घरात दुसरं कुणी नव्हतं. केली सही.